रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते, पण नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बाकीच्या चार मागण्या काय होत्या?

वर्क फ्रॉम होम, हायब्रीड, फ्लेक्झी टायमिंग. 2020 नंतर हे शब्द आपल्याकडे अगदी घरातले होऊन गेले. एकाच ऑफिसमधल्या दोन माणसांना विचारलं तर उत्तरं मात्र उलटी येतात. एक म्हणतो, प्रवास वाचला, मुलांना वेळ देता येतो, डोकं शांत राहतं. दुसरा म्हणतो, कामाची वेळच उरली नाही, रात्री अकराला मेसेज येतो आणि सकाळी सातला कॉल असतो.

दोघंही खोटं बोलत नाहीत. मग कामाची वेळ सैल झाली की माणसाचा ताण कमी होतो की वाढतो?

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण मुंबईत तो जवळपास 140 वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. तेव्हा लॅपटॉप नव्हते, कापडाच्या गिरण्या होत्या. हा प्रश्न हातात घेणाऱ्या माणसाचं नाव होतं नारायण मेघाजी लोखंडे. दर काही दिवसांनी त्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, रविवारची सुट्टी यांच्यामुळे मिळाली. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण रविवार ही त्यांच्या 5 मागण्यांपैकी फक्त एक मागणी होती. सगळी यादी बघितली की हा माणूस नक्की कशासाठी भांडत होता ते कळतं.

ठाण्याचा मुलगा गिरणीत कसा पोहोचला?

लोखंडे यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर. घराणं माळी समाजातलं. पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्याला आलं आणि तिथेच 1848 साली नारायणरावांचा जन्म झाला. परिस्थिती बेताची होती, तरी मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं. त्या काळात एवढं शिक्षण म्हणजे सरकारी नोकरीची दारं उघडी. त्यांनीही आधी रेल्वे आणि पोस्टात काम केलं.

त्यानंतर 1870 च्या सुमारास ते मुंबईतल्या मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. हे काम महत्त्वाचं ठरलं. स्टोअरकीपर मशीनवर उभा राहत नाही, पण त्याला सगळी खाती दिसतात. कोण किती वाजता आलं, कुणाचा हात मशीनमध्ये गेला, कुणाचा पगार कधी झाला, कुणाच्या मागे वाणी आणि सावकार लागलेत, हे त्याला रोज कळतं. गिरणीची कागदी बाजू आणि गिरणीची माणसं अशा दोन्ही गोष्टी लोखंडे यांनी जवळून बघितल्या.

याच काळात ते महात्मा फुले यांच्या संपर्कात आले. फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी लोखंडे त्या कामात उतरले. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेलं दीनबंधू हे साप्ताहिक पैशाअभावी अडचणीत आलं, तेव्हा 1880 मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतलं. पुढे नोकरी सोडून ते पूर्ण वेळ याच कामात राहिले. शेतकरी आणि कामगार यांच्या बाजूने लिहिणारी मराठी पत्रं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे दीनबंधूमध्ये गिरणीतली बातमी छापून येणं हीच मोठी गोष्ट होती.

सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद

आता त्या गिरण्या कशा चालायच्या ते बघू.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली, ती 1856 मध्ये सुरू झाली. 1890 च्या आसपास शहरात 50 हजारांहून जास्त लोक गिरण्यांमध्ये काम करत होते. त्यात रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून आलेली माणसं जास्त होती.

या गिरण्यांमध्ये अजून विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे कामाची वेळ सूर्यावर ठरायची. उजेड झाला की मशीन सुरू, अंधार पडला की बंद. मुंबईत डिसेंबरमधला दिवस साधारण 11 तासांचा असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. म्हणजे त्याच कामगाराला उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा रोज दोन तास जास्त राबावं लागायचं. तेही कोंडलेल्या खात्यात, कापसाच्या उडणाऱ्या तुसात, सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेल्या जागेत.

जेवणाच्या सुट्टीचंही तेच. अनेक ठिकाणी ठरलेली वेळ नव्हती. शेजारच्याला मशीन बघायला सांगायचं, कोपऱ्यात जाऊन भाकरी खायची आणि परत उभं राहायचं.

आठवड्याची सुट्टीही पक्की नव्हती. सणासुदीला गिरणी बंद असायची, पण दर आठवड्याचा एक दिवस आपला, असं कुणी सांगू शकत नव्हतं. गिरणी बंद ठेवली तरी मशीन साफ करायला बोलावलं जायचं आणि त्यात अर्धा दिवस जायचा. पगाराची तारीखही अशीच. महिना संपल्यावर कितीतरी दिवस पैसे अडकून राहायचे आणि तोवर घर उधारीवर चालायचं.

कायदा नव्हता का? होता. 1881 साली पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. पण कामाच्या तासांच्या बाबतीत त्यात फक्त मुलांचा विचार होता. 7 वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि 7 ते 12 वयाच्या मुलांकडून दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, अशी मर्यादा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सुधारकाने 1878 मध्येच कामाचे तास ठरवणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला होता, पण तो पुढे गेला नाही.

मालक म्हणायचे, यांना मोकळीक आहेच की!

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि आजच्या वादाशी ती थेट जुळते.

तास कमी करा असं म्हटलं की मालकांचं उत्तर ठरलेलं असायचं. हा कामगार विलायतेतल्या कामगारासारखा सलग काम करत नाही. मध्येच विडी ओढायला बाहेर जातो, अंघोळीला जातो, गप्पा मारतो. मनात आलं की खाडा करतो, पेरणीला आणि लग्नसराईला महिना महिना गावी जाऊन बसतो. एवढी सैल शिस्त असताना आणखी सुट्टी कशाला?

यातलं बरंचसं खरं होतं. पण ही मोकळीक मिळायची कशी? एखादा माणूस आला नाही की त्याच्या जागी बदली कामगार उभा केला जायचा. बदली कुणाला द्यायची हे ठरवायचा मुकादम. त्याला जॉबरही म्हणत. कामावर घेणं, काढणं, रजा देणं, परत घेणं या सगळ्याच्या चाव्या त्याच्याकडे. गावाहून परत आल्यावर जागा शाबूत असेल की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर. ती मर्जी राखायची तर हात ओले करावे लागायचे. शिवाय खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली.

म्हणजे मोकळीक होती, पण ती कामगाराचा हक्क नव्हती. ती मागून, वाकून आणि पैसे मोजून मिळायची. बारा-तेरा तास कुणी सलग उभं राहू शकत नाही म्हणून माणूस विडीच्या निमित्ताने श्वास घ्यायला बाहेर पडायचा आणि तेच पुढे त्याच्या विरोधात पुरावा म्हणून वापरलं जायचं.

परळची सभा आणि 5 मागण्या

1884 मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या परिस्थितीचा विचार करायला एक कमिशन नेमलं. कमिशनसमोर मालक बोलणार, अधिकारी बोलणार, पण कामगारांचं म्हणणं कोण मांडणार? लोखंडे यांनी ही संधी पकडली. त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि 23 आणि 26 सप्टेंबर 1884 रोजी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे दिले.

मागण्या अशा होत्या.

1. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी.
2. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी.
3. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.
4. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा.
5. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

नीट बघितलं तर यात 8 तासांचा दिवस कुठेच नाही. पगारवाढही नाही. मागितलंय ते एवढंच, की वेळ ठरवा. सकाळी कधी यायचं, दुपारी कधी बसायचं, आठवड्यातला कुठला दिवस माझा आणि पैसे कधी हातात पडणार हे मला आधी कळू द्या. माणसाला सगळ्यात जास्त काय पोखरतं, हे स्टोअरमध्ये बसून हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने बरोबर हेरलं होतं. काम तर जड होतंच, पण उद्या काय होणार हे माहीत नसणं त्याहून जड होतं.

त्यांचा स्वभाव भडक नव्हता. अर्ज, सभा, साक्ष, बातमी हीच त्यांची हत्यारं. यावरून फुल्यांशीही खटका उडाला. 1883 मध्ये फुल्यांचं शेतकऱ्याचा असूड दीनबंधूमध्ये छापायला घेतलं, पण सुरुवातीचा भाग छापून लोखंडे यांनी पुढचं थांबवलं. सरकारवरची टीका पत्राला झेपणार नाही अशी धास्ती त्यामागे होती. फुले नाराज झाले आणि ती नाराजी त्यांनी लपवली नाही. तरी लोखंडे सत्यशोधक समाजातच राहिले आणि मुंबईतलं कामही सुटलं नाही.

रेसकोर्सवर 10 हजार माणसं

1884 च्या अर्जाने लगेच काही घडलं नाही. कमिशनने शिफारशी केल्या, कागद फिरले, विषय थंड पडला. लोखंडे मात्र अर्ज करत राहिले. 1889 मध्ये पुन्हा एक अर्ज गेला, या वेळी थेट गव्हर्नर जनरलकडे.

इंग्लंडमध्येही या विषयाला जोर चढला होता. त्यात कळवळा किती आणि स्वार्थ किती हा वेगळा मुद्दा. मुंबईच्या स्वस्त सुतामुळे लँकेशायरच्या गिरणी मालकांचा धंदा बसत होता, त्यामुळे हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायद्याचा लगाम बसावा असं त्यांना वाटत होतं. या कारणाने इथल्या अनेक पुढाऱ्यांना फॅक्टरी कायदा म्हणजे परक्यांचा डाव वाटायचा. लोखंडे यांची पंचाईत अशी होती, की कामगारांसाठी मागावं तर लँकेशायरच्या बाजूचे म्हणून शिक्का बसायचा. त्यांनी तो धोका पत्करला.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा भरली. जवळपास 10 हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. गिरणीतून सुटून घरी चूल पेटवणाऱ्या बाईला आठवड्याचा एक दिवस म्हणजे काय, हे तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं. 1890 मध्ये एवढ्या गर्दीसमोर बाई उभी राहून आपल्या कामाच्या वेळेबद्दल बोलते, ही साधी गोष्ट नव्हती.

सभेत ठरलेली रविवारच्या सुट्टीची मागणी गिरणी मालकांच्या संघटनेकडे गेली आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी ती मान्य केली. म्हणजे परळच्या सभेपासून रविवार मिळायला पावणेसहा वर्षं लागली.

त्याच वर्षी सरकारने नवं फॅक्टरी कमिशन नेमलं. त्याच्या मुंबईतल्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आलं. त्यातून 1891 चा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी कायद्यात आली. बायकांसाठी दिवसाला 11 तासांची मर्यादा ठरली. मुलांचं किमान वय 9 झालं आणि 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना 7 तासांची मर्यादा आली.

आता व्हॉट्सॲपच्या मेसेजबद्दल. सरकारी कचेऱ्या याआधीही रविवारी बंद असायच्या. त्यामुळे रविवारची सुट्टी लोखंडे यांनी शोधून काढली असं नाही. साहेबाला आणि कारकुनाला मिळणारा रविवार मशीनवरच्या माणसाला मिळवून दिला, हे त्यांचं काम. खंडोबाच्या वाराला गिरणीतला माणूस पहिल्यांदाच हक्काने घरी थांबू शकला.

उरलेल्या मागण्यांचं काय झालं?

मोठ्या पुरुषांच्या तासांना 1891 च्या कायद्यातही मर्यादा नव्हती. त्याचा फटका पुढे बसला. 1905 च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले, बाजारात तेजी होती आणि कामाचा दिवस अंधार पडल्यावरही लांबत गेला. काही ठिकाणी तो 14 तासांच्या पुढे पोहोचला. आधी निदान सूर्य तरी कामगाराला सोडवायचा, दिव्यांनी तीही सोय घालवली. अखेर 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांमधल्या पुरुषांसाठी दिवसाला 12 तासांची मर्यादा घातली.

जखमी कामगाराची भरपाई 1923 च्या कायद्याने आली. पगार ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचं बंधन 1936 च्या कायद्याने. म्हणजे परळच्या सभेत मांडलेली यादी पूर्ण व्हायला 52 वर्षं लागली.

शेवटची वर्षं

लोखंडे यांचं काम गिरणीपुरतं राहिलं नाही. विधवांचं केशवपन थांबावं म्हणून त्यांनी मुंबईतल्या न्हावी बांधवांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार देणारा संप घडवला. एखादी प्रथा बंद करायची तर ती ज्यांच्या हातांनी चालते त्यांनाच हात आखडता घ्यायला सांगायचं, हा कामगार पुढाऱ्याचा विचार होता.

1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली तेव्हा गिरणगावात सलोखा राहावा म्हणून त्यांनी धडपड केली. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमलं आणि पुढे रावबहादूर हा किताब दिला.

त्यांच्या संघटनेबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. आजच्या अर्थाने ती ट्रेड युनियन म्हणता येईल का, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. पण कामगार नेमायचा आणि काढायचा हक्क मुकादमाच्या हातात असताना यादीवर नाव लिहिणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून गेले, चाळीतल्या माणसांना ते इतकं सोपं नव्हतं. लोखंडे थांबले. रुग्णांच्या सोयीसाठी राबले आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचं निधन झालं. वयाची पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर महिन्याभरात, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जोतीराव 1890 च्या नोव्हेंबरमध्येच गेले होते, पण गिरणी कामगाराला रविवार मिळालेला त्यांनी बघितला.

2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने लोखंडे यांच्यावर तिकीट काढलं. परळमधल्या राज्य सरकारच्या श्रम संस्थेला आज त्यांचं नाव आहे.

मग ताण कमी होतो की वाढतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. 1979 मध्ये रॉबर्ट कारासेक या अमेरिकन अभ्यासकाने कामाच्या ताणाबद्दल एक मांडणी केली. कामाचा रेटा जास्त असतो आणि त्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा कमी असतो, तेव्हा ताण सगळ्यात जास्त होतो, असं त्यांचं म्हणणं. कामाच्या लवचीक वेळा आणि आरोग्य यांवरच्या 10 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपली पाळी आपण ठरवायची मुभा होती तिथे झोप, थकवा, मानसिक आरोग्य यांत सुधारणा दिसली. लवचीकता मालकाच्या सोयीची होती, म्हणजे ठरावीक मुदतीचं कंत्राट किंवा नाइलाजाने घेतलेलं अर्धवेळ काम, तिथे फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलट त्रास दिसला.

गिरणीतला बदली कामगार आणि त्याचा मुकादम आठवला तर यात नवल वाटत नाही. सकाळी ॲप उघडल्यावर आज किती काम मिळेल हे कळणारा डिलिव्हरी करणारा मुलगा आणि नाक्यावर बदलीची वाट बघणारा गिरणी कामगार यांच्यात फार अंतर नाही. दोघांनाही वेळेचं बंधन नाही असंच बाहेरून दिसतं.

तुमच्या कंपनीत फ्लेक्झी टायमिंगचं पत्रक आलं तर लोखंडे यांची यादी हाताशी ठेवायला हरकत नाही. काम कधी संपतं हे ठरलंय का? मधली सुट्टी नक्की आहे का? आठवड्याचा एक दिवस फोन न उचलता जातो का? पगाराची तारीख पक्की आहे का? आणि आजारी पडलात तर काय, हे लिहून दिलंय का? पाचही उत्तरं हो असतील तर सैल वेळेचा फायदा तुम्हाला होतोय. एखादं उत्तर नाही असेल, तर त्या मोकळीकीची चावी कुणाच्या खिशात आहे ते बघून ठेवा.